दीर्घायुषी कणांच्या मागावर



हें भाषण आपण घरीं बसून ऐकत असतां आपल्या पसरलेल्या तळहातांतून दर मिनिटाला शंभराच्या आसपास सूक्ष्म कण आरपार जात आहेत. त्यांचा स्पर्श आपल्याला जाणवत नाहीं आणि आपली दखल तेहि घेत नाहींत. म्यूऑन हें त्यांचें नांव. अवकाशांतून येणारे विश्वकिरण वातावरणाच्या वरच्या थरांवर आदळतात. त्या आघातांतून सुमारें १५ किलोमीटर उंचीवर हे कण जन्माला येतात आणि छपराची वा भिंतीची पर्वा न करितां खालीं जमिनींत शिरतात. आतां यांतील नवल असें कीं, स्थिर असलेला म्यूऑन सरासरीनें सेकंदाचे अवघे २.२ दशलक्षांश जगतो. तेवढ्या अवधींत प्रत्यक्ष प्रकाशसुद्धां ६६० मीटरांपलीकडे जात नाहीं. मग १५ किलोमीटरांचा पल्ला या अल्पायुषी प्राण्यानें गांठावा कसा? याचें उत्तर आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादांत आहे. वेगानें धांवणाऱ्या वस्तूचें घड्याळ आपल्या दृष्टीनें मंद चालतें, आणि कणाचें आयुष्य हेंच त्याचें घड्याळ होय. या कणांच्या बाबतींत ही गोष्ट १९३८ सालीं स्पष्ट शब्दांत मांडली ती त्या वेळीं केंब्रिज येथें असलेल्या एका तरुण मुंबईकरानें. त्यांचें नांव डॉ. होमी भाभा.

या पाहुण्यांना मीं आरंभींच बोलावलें तें 'दीर्घायुषी' या शब्दाचा अर्थ ठरवून घेण्यासाठीं. सेकंदाचे दोन दशलक्षांश जगणाऱ्याला दीर्घायुषी कसें म्हणावें, असें कोणी विचारील. परंतु कणांच्या जगांत आयुष्य मोजण्याचा गजच निराळा आहे. २०१२ च्या जुलैंत ज्याच्या शोधाची वार्ता जगभर गाजली त्या हिग्ज कणाचें सिद्धान्तानें ठरविलेलें आयुष्य सेकंदांत लिहूं गेल्यास दशांशचिन्हापुढें एकवीस शून्यें मांडावीं लागतात, तेव्हां कोठें पहिला अंक येतो. जन्मस्थानापासून एका अणूच्या रुंदीइतकें अंतरहि त्याच्यानें तोडवत नाहीं. त्याच्या शेजारीं म्यूऑनला बसविलें तर तो मार्कंडेयच म्हणावा लागेल. जो कण जन्मबिंदूपासून डोळ्यांत भरण्याजोगें अंतर, मग तें मिलिमीटरभर का असेना, चालून जातो आणि मगच मोडतो, तो प्रयोगशाळेच्या भाषेंत दीर्घायुषी.

असे कांहीं कण आजवर कोणीं पाहिलेले नाहींत, तरी त्यांच्या मागावर शेंकडों विद्वान् वर्षानुवर्षें आहेत. ते कण अतिसममितीच्या, म्हणजे इंग्रजींत ज्याला सुपरसिमेट्री म्हणतात त्या सिद्धान्ताच्या पोटांतले आहेत. सृष्टींतील ज्ञात कणांच्या दोन जाती आहेत. इलेक्ट्रॉन, क्वार्क इत्यादि द्रव्य घडविणारे कण ते फर्मिऑन, आणि प्रकाशकणासारखे बलांचे वाहक ते बोसॉन. या दुसऱ्या जातीला आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांचें नांव मिळालेलें आहे हें आपणांस ठाऊकच असेल. १९७१ सालीं मॉस्कोंत गोल्फांद व लिख्तमन यांनीं, आणि स्वतंत्रपणें १९७४ सालीं वेस व झुमिनो यांनीं, या दोन जातींना एकमेकींशीं जोडणारी गणिती रचना मांडली. तिच्याप्रमाणें प्रत्येक फर्मिऑनला एक बोसॉन जोडीदार आणि प्रत्येक बोसॉनला एक फर्मिऑन जोडीदार असला पाहिजे. इलेक्ट्रॉनचा जोडीदार सिलेक्ट्रॉन, ग्लुऑनचा ग्लुइनो, डब्ल्यू कणाचा वाइनो. नामकरणाच्या बाबतींत शास्त्रज्ञांनीं फारशी रसिकता दाखविली असें म्हणवत नाहीं. पण कल्पना मात्र मोहक आहे. हिग्ज कणाचें वस्तुमान अफाट वाढून जाण्याऐवजीं आहे तेवढेंच कां राहतें, याचें समाधान तिच्यांत सांपडतें. शिवाय या जोडीदारांपैकीं सर्वांत हलका जो असेल तो पुढें मोडूं शकत नसेल, तर आकाशगंगांना एकत्र बांधून ठेवणारें, परंतु कोणालाहि न दिसणारें जें कृष्णद्रव्य, तें त्याच कणांचें बनलेलें असूं शकेल. हें द्रव्य आपल्या ओळखीच्या द्रव्याच्या पांचपटींहून अधिक आहे. म्हणजे प्रश्न एखाद्या चमत्कारिक कणापुरता नाहीं. विश्वांतील बहुतेक द्रव्याची ओळख पटविण्याचा आहे.

या शोधाचें मुख्य ठिकाण म्हणजे जिनिव्हा शहराजवळची 'सर्न' ही संस्था. स्वित्झर्लंड व फ्रान्स यांच्या सीमेखालीं सुमारें १०० मीटर खोल, २७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यांत 'लार्ज हॅड्रॉन कोलायडर' हें यंत्र बसविलेलें आहे. त्यांत प्रोटॉनांचे पुंजके परस्परविरुद्ध दिशांनीं जवळजवळ प्रकाशवेगानें फिरवून एकमेकांवर आदळवितात. २०१० सालीं प्रयोगांना जोमानें आरंभ झाला तेव्हां अतिसममितीचे जोडीदार चारदोन वर्षांत हातीं येतील अशी पुष्कळांची खात्री होती. हिग्ज आला, पण हे आले नाहींत. शोधाची रीत अशी होती कीं, जड जोडीदार टकरीच्या बिंदूवर तत्काळ मोडेल, त्याचे तुकडे चोहोंकडे उडतील, आणि सर्वांत हलका जोडीदार न दिसतां पळून गेल्यामुळें हिशेबांत तेवढी तूट येईल. ती तूट शोधावयाची. पुष्कळ शोधली. ग्लुइनो असलाच तर, साध्या गृहीतांप्रमाणें, तो प्रोटॉनच्या दोन हजार पटींहून जड असला पाहिजे, एवढेंच निष्पन्न झालें.

येथें एक शंका डोकावूं लागते. तो 'तत्काळ' मोडेल हें कोणीं ठरविलें?

जड कणानें लवकर मोडावें हा सामान्य नियम खरा. पण त्याला अपवाद पुष्कळ आहेत आणि तेहि आपल्या घरचेच आहेत. अणुगर्भाबाहेर काढलेला न्यूट्रॉन जवळजवळ पंधरा मिनिटें जगतो. कां? एक तर तो ज्याच्यांत रूपांतर पावतो त्या प्रोटॉनहून तो अगदींच थोडा जड आहे. उतार नसलेल्या जागीं पाणी रेंगाळावें तसा तो रेंगाळतो. दुसरें असें कीं, हें रूपांतर ज्या डब्ल्यू कणाच्या मध्यस्थीनें व्हावयाचें तो स्वतः प्रोटॉनच्या पंचाऐंशी पट जड, म्हणून ती मध्यस्थी क्वचितच घडते. अतिसममितीच्या जगांत हींच कारणें लागूं पडतात. २००४ सालीं अर्कानी-हामेद व दिमोपौलोस यांनीं असें सुचविलें कीं, कांहीं जोडीदार आवांक्यांतले आणि कांहीं अतिशय जड असावेत. तसें असेल तर ग्लुइनोला मोडण्यासाठीं त्या अतिजडांची मध्यस्थी लागेल आणि तो सेकंदाच्या अब्जांशापासून मिनिटें, तास, किंबहुना त्याहूनहि अधिक काळ जगूं शकेल. तिसरें कारण क्षीण संबंधाचें आहे. ज्यांत मोडावयाचें त्या कणाशीं नातें जितकें दूरचें, तितका विलंब अधिक.

शिवाय, लांब जाऊन मोडणारा कण प्रथम दिसला तो काल-परवां नव्हे. १९४७ सालीं मँचेस्टर येथें रॉचेस्टर व बटलर यांनीं, बाष्पानें भरलेल्या पेटींतून जाणाऱ्या विश्वकिरणांचीं छायाचित्रें घेतलीं असतां, एका चित्रांत उलट्या 'व्ही' अक्षरासारखी आकृति आढळली. दोन रेषा एका बिंदूंतून फुटलेल्या, आणि त्या बिंदूपर्यंत येणारी रेषा मात्र नाहीं. विद्युत्‌भार नसलेला एक कण कांहीं अंतर गुपचुप चालून आला होता आणि तेथें मोडला होता. आज ज्यांना केऑन म्हणतात त्या कणांचें तें पहिलें दर्शन. कणशास्त्राचा एक नवा अध्याय त्या एका आकृतींतून सुरू झाला. ग्लुइनो किंवा त्याचे भाऊबंद जिनिव्हाच्या यंत्रांत असेच दूर जाऊन मोडत असतील, तर त्यांचीहि खूण अशीच असेल.

मग आजवरच्या नोंदी उघडून पाहाव्या म्हणजे झालें, असें आपणांस वाटेल. येथेंच खरी अडचण आहे. या यंत्रांत प्रोटॉनांचे पुंजके एका सेकंदांत ४ कोटि वेळां एकमेकांना छेदतात, आणि दर वेळीं कित्येक टकरी होतात. एवढ्या सर्वांची नोंद ठेवणें कोणत्याहि भांडाराला शक्य नाहीं. म्हणून सेकंदाच्या कांहीं दशलक्षांशांत विद्युत्‌यंत्रणा पहिली निवड करते आणि फार तर एक लाख प्रसंग पुढें जाऊं देते. त्यांतून गणकयंत्रें एक-दोन हजार राखतात. बाकीचे गेले ते कायमचे गेले. काय राखावें हें यंत्राला आधींच सांगून ठेवावें लागतें, आणि सांगणारा माणूस आपल्याला जें अपेक्षित आहे तेंच सांगतो. मुळांत ही चाळणी विणली गेली ती मुख्यत्वें मध्यबिंदूंतून तत्काळ निघणाऱ्या कणांसाठीं. विचित्र वागणारा कण या यंत्रांत शेंकडों वेळां जन्मला असेल आणि आपण त्याला आपल्या हातानें केराच्या टोपलींत टाकलें असेल, ही शक्यता या क्षेत्रांतील माणसांची झोंप उडविणारी आहे. म्हणून गेल्या कांहीं वर्षांत या चाळण्यांत मुद्दाम वेगळीं छिद्रें पाडण्यांत आलीं आहेत.

वेळाची अडचणहि ध्यानांत घ्यावी. दोन छेदांमध्यें सेकंदाच्या अब्जांशांचे २५ भाग एवढेंच अंतर असतें. तेवढ्यांत प्रकाश साडेसात मीटर जातो. 'ॲटलास' हें शोधकयंत्र ४४ मीटर लांब व २५ मीटर उंच. एका छेदांतले कण बाहेरच्या थरापर्यंत पोंचण्यापूर्वींच पुढच्या छेदांतले जन्मलेले असतात. दादरच्या स्टेशनावर सकाळीं एका गाडींतून उतरलेला पाय दुखणारा म्हातारा जिन्यापर्यंत पोंचतो तों पुढच्या गाडीची गर्दी त्याला गांठते, आणि दारावरचा तिकीटतपासनीस त्याला त्या पुढच्याच गाडीचा समजतो. मंदगति कणाचें तसेंच होतें.

या कणांच्या खुणा नाना प्रकारच्या आहेत. त्यांपैकीं मला सर्वांत मोहक वाटते ती अर्ध्यावर पुसल्या गेलेल्या वाटेची. विद्युत्‌भारित वाइनो आणि त्याचा भाररहित भाऊ यांच्या वस्तुमानांत फरक अत्यल्प, पायॉन नांवाच्या हलक्या कणाहून किंचित् अधिक. म्हणून भारित वाइनो सेकंदाच्या अब्जांशाचा पांचवा हिस्सा जगावा असा अंदाज आहे. तेवढ्यांत प्रकाश सहा सेंटिमीटर जातो. टकरीच्या बिंदूभोंवतीं सिलिकॉनच्या पातळ पट्ट्यांचे थर असतात. 'ॲटलास'मध्यें त्यांतला सर्वांत आंतला थर २०१४ सालीं नव्यानें सरकविण्यांत आला. तो बिंदूपासून अवघा ३.३ सेंटिमीटर दूर आहे, आणि चौथा सुमारें १२ सेंटिमीटरांवर. वाइनोनें या चार थरांवर चार पावलें उमटवावींत, आणि मग एकदम कांहींच नाहीं. भाररहित भाऊ अदृश्य, आणि सोबतचा पायॉन इतका दुर्बळ कीं चुंबकीय क्षेत्रांत गोल फिरून हरवतो. अशीं चार पावलें योगायोगानेंहि एका ओळींत पडूं शकतात, म्हणून नुसता शोध नव्हे तर भ्रमाचा हिशेबहि काटेकोर ठेवावा लागतो. २०१५ ते २०१८ या काळांतील सर्व नोंदी तपासून 'ॲटलास'च्या मंडळीनें २०२२ सालीं जाहीर केलें कीं, शुद्ध वाइनो असल्यास तो प्रोटॉनच्या सुमारें ७०० पटींहून जड असला पाहिजे. कृष्णद्रव्याचा सगळा हिशेब एकट्या वाइनोनें पुरा करावयाचा तर तो जवळजवळ ३,००० पट जड लागतो. म्हणजे रान अजून पुष्कळ उरलें आहे.

आतां त्याच वर्षीं घडलेली दुसरी हकीकत सांगतों. सावकाश जाणारी भरलेली बैलगाडी चिखलांत खोल चाकोरी उमटविते. जड आणि मंद असा भारित कणहि सिलिकॉनच्या थरांत वाजवीहून अधिक ऊर्जा सांडून जातो, कारण प्रत्येक अणूपाशीं तो अधिक वेळ घुटमळतो. चुंबकीय क्षेत्रांत मार्ग किती वांकला यावरून संवेग, चाकोरी किती खोल यावरून वेग, आणि दोहोंवरून वस्तुमान काढतां येतें. 'ॲटलास'च्या शोधकांनीं असे प्रसंग वेंचले. ज्या जड गटांत सर्वसामान्य कारणांनीं सरासरी ०.७ प्रसंग मिळावे असा अंदाज होता तेथें ७ मिळाले. त्यांचें अनुमानित वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारें १,५०० पट. नुसत्या योगायोगानें एवढी वाढ दिसण्याचा संभव अदमासें दोन हजारांत एक. शोध लागला असें म्हणण्यासाठीं कणशास्त्रांत ३५ लाखांत एक इतकी कडक अट आहे, तेव्हां ढोल वाजविण्याजोगें कांहीं नव्हतें. तरीहि सात प्रसंग! आयुष्य या शोधांत घालविलेल्या माणसाच्या छातींत काय झालें असेल याची कल्पना आपण करूं शकतां.

परंतु त्याच यंत्राजवळ दुसरा साक्षीदार होता. बाहेरच्या थरांपर्यंत कण किती वेळांत पोंचला याची नोंद तेथें होते. कण खरोखर जड व मंद असेल तर तो उशिरां पोंचला पाहिजे. सातहि प्रसंगांचीं घड्याळें तपासलीं, आणि त्यांतला एकहि कण उशिरां आलेला नव्हता. सर्वच जवळजवळ प्रकाशवेगानें धांवलेले. चाकोरी म्हणते मंद, घड्याळ म्हणतें जलद; मंदगति जड कणाची कल्पना तेथें टिकेना. मंडळीनें सातांची संख्याहि छापली आणि तिच्या विरुद्धची साक्षहि त्याच लेखांत छापली, याचें मला विशेष वाटतें. कांहीं सिद्धान्तवेत्त्यांनीं लगेच पुढें सुचविलें कीं, कणाचा विद्युत्‌भार दुप्पट असेल तर तो वेगानें जाऊनहि चौपट खोल चाकोरी उमटवील. कल्पना चतुर आहे. पण सात पावलांवरून हत्तीचें चित्र काढण्याचा हा प्रकार असून, त्याला आणखी नोंदींचा आधार मिळेपर्यंत तो कल्पनाच राहील.

आतां सर्वांत संथ प्रकार. दिवाळींत लावलेल्या माळेंतला एखादा फटाका त्या वेळीं वाजत नाहीं. मुलें घरांत जातात, अंगण शांत होतें, आणि मग तो एकटाच कोपऱ्यांत फुटतो. दीर्घायुषी ग्लुइनो साध्या क्वार्कांना लपेटून घेऊन एक संयुक्त कण बनवील, आणि असा कण मंद असेल तर शोधकयंत्राच्या धातूंतच रुतून बसेल. 'सीएमएस' या दुसऱ्या शोधकयंत्राचें वजन १४,००० टन. रुतण्यास जागा भरपूर. मग तो केव्हां तरी, कदाचित् दुसऱ्या दिवशीं, मोडेल. म्हणून शोधकांनीं ज्या वेळीं टकरी होत नसतात तेवढ्याच वेळाकडे डोळे लावले: पुंजक्यांमधील मोकळे क्षण, आणि प्रोटॉनांची एक खेप संपून दुसरी भरेपर्यंतचा अवधि. अमेरिकेंत शिकागोजवळच्या टेव्हट्रॉन यंत्रावर 'डीझीरो' मंडळीनें २००७ सालीं असा शोध प्रथम केला, पुढें 'सीएमएस' व 'ॲटलास' यांनीं केला. त्या निःशब्द वेळीं यंत्रांत जे खुटखुट आवाज होतात त्यांचे मुख्य मानकरी कोण, तर आपल्या तळहातांतून जाणारे तेच म्यूऑन! शंभर मीटर दगडमाती भेदून ते तेथेंहि पोंचतात. त्यांना ओळखून बाजूला काढल्यावर शिल्लक कांहीं राहिलें नाहीं. याच 'सीएमएस' यंत्रांत बाहेरच्या बाजूला ऊर्जा मोजणारा जो थर आहे, त्याच्या चकाकणाऱ्या पट्ट्या घडविण्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वांटा आहे. ती संस्था १९४५ सालीं भाभांनींच स्थापिली.

पुढें काय, तें थोडक्यांत सांगतों. २०३० च्या सुमारास जिनिव्हाचें यंत्र नव्या रूपांत सुरू व्हावयाचें आहे, आणि कालांतरानें त्यांतून आजवरच्या अनेक पट टकरी मिळावयाच्या आहेत. त्या वेळीं 'सीएमएस'मध्यें कणाच्या आगमनाची वेळ सेकंदाच्या अब्जांशाच्या तीन शतांशांपर्यंत सांगणारा एक थर बसेल. तेवढ्यांत प्रकाश नऊ मिलिमीटर जातो. २०२२ सालीं चाकोरी आणि घड्याळ यांच्यांत जो तंटा झाला तसला तंटा तोडण्यास असा पंच फार उपयोगी. निवडीची पहिली चाळणीहि अशी विणली जात आहे कीं, कणांच्या वाटा तिला आरंभींच दिसाव्या आणि मध्यबिंदूपासून ढळलेली वाट टाकली जाऊं नये.

कांहींजण तर म्हणतात कीं, शोधकयंत्राच्या भिंतीच अपुऱ्या आहेत. टकरीच्या एका बिंदूपासून ४८० मीटर दूर, बोगद्यांत ठेवलेलें 'फेझर' हें छोटें यंत्र २०२२ पासून नोंदी घेऊं लागलें. ज्याला अतिवृद्ध पुराणपुरुष मेथुसेलह याचें नांव दिलें आहे असा एक प्रस्तावहि पुढें आला. 'सीएमएस'च्या जवळ जमिनीवर एक प्रचंड रिकामें दालन बांधावें, आणि त्यांत कणांच्या वाटा टिपणारे पडदे वरच्या भागांत बसवावे, अशी ती योजना आहे. खालून दगडमातींतून निमूटपणें आलेला भाररहित कण त्या रिकाम्या हवेंत मोडला तर त्याचे तुकडे वर जातील. म्यूऑन मात्र वरून खालीं येतात. तेव्हां पडद्यांमधील वेळ मोजून कोण उतरत आहे आणि कोण चढत आहे हें पाहावयाचें, आणि चढणाऱ्या दोन रेषा मागें ओढून नेल्या असतां दालनाच्या पोकळींत एका बिंदूंत मिळतात कीं काय, एवढेंच तपासावयाचें.